घोरणे आणि अडलेला श्वास : एका रोगाच्या शोधाची हकीगत

'भुकेला कोंडा आणि निजेला धोंडा' ही म्हण आपण सर्वांनीच लहानपणापासून ऐकली आहे. पोटात भूक असली म्हणजे कोंडाही गोड लागतो, आणि डोळ्यांवर झोप असली म्हणजे उशाला धोंडा असला तरी चालतो. दिवसभर रानात राबलेल्या माणसाच्या बाबतीत ही म्हण अगदी खरी आहे. पण प्रत्येक गावात एखादा तरी माणूस असा असतो, की त्याला धोंडाही पुरतो, खाटही पुरते, बैलगाडीची साटीही पुरते, आणि तरीही त्याची झोप काही पुरी होत नाही. रात्री नऊला पडला तर सकाळी सहाला उठतो. त्याच्या घोरण्याने घरातली माणसे जागी राहतात, हा मात्र झोपलेला असतो. आणि तोच माणूस सकाळी दहा वाजता चावडीवर बसल्या बसल्या पेंगतो, सभेत मान टाकतो, एस. टी. त बसला की गाव मागे गेले तरी त्याला पत्ता नसतो.

अशा माणसाला आपण काय म्हणतो? कुंभकर्ण म्हणतो, ऐदी म्हणतो, सुस्त म्हणतो. मुलगा असेल तर मठ्ठ म्हणतो. आजच्या भाषणात मी तुम्हाला सांगणार आहे, की या थट्टेच्या मागे पुष्कळदा एक खरा रोग लपलेला असतो. झोपेत घसा मिटून श्वास अडण्याचा हा रोग आहे. माणसाने तो दोन हजारांहून अधिक वर्षे डोळ्यांनी पाहिला, कानांनी ऐकला, आणि तरीही तो त्याला ओळखता आला नाही. तो कसा ओळखला गेला आणि त्यावर उपाय कसा निघाला, ही हकीगत ऐकण्यासारखी आहे.

आपल्याकडच्या जुन्या वैद्यांपासून सुरुवात करू. चरकसंहितेत आहार आणि निद्रा यांना शरीराचे आधारखांब मानले आहे. त्याच ग्रंथात अतिस्थूल माणसाचे वर्णन आणि झोपेचा विचार एकाच अध्यायात केलेला आढळतो. सुश्रुतसंहितेत तर मेद वाढलेल्या माणसाच्या तक्रारींची यादीच दिली आहे. थोड्या श्रमाने धाप लागणे, तहान, भूक, झोप, घाम अशा त्या तक्रारी आहेत, आणि त्यांतच 'क्रथन' असा एक शब्द येतो. कोशकार त्याचा अर्थ श्वास एकाएकी अडणे असा देतात. म्हणजे लठ्ठपणा, फार झोप आणि अडणारा श्वास या तीन गोष्टी एका माणसात एकत्र दिसतात, हे आपल्या वैद्यांच्या नजरेतून सुटले नव्हते. त्या तिघांचा एकमेकांशी संबंध काय, हे मात्र त्या काळी कोणालाच सांगता येण्यासारखे नव्हते.

तिकडे ग्रीक लोकांतही अशीच एक गोष्ट सांगतात. काळ्या समुद्राच्या काठी, आज जो तुर्कस्तान आहे त्या भागात, हेराक्लिया नावाचे एक नगर होते. इसवी सनापूर्वीच्या चौथ्या शतकात तेथे डायोनिशियस नावाचा एक राजा झाला. तो इतका लठ्ठ झाला होता, की लोकांसमोर बसताना पुढे एक पेटी ठेवून तो आपले अंग झाकून घेई आणि फक्त तोंड तेवढे दिसू देई. तो असा काही झोपी जाई, की उठतच नसे. मग वैद्यांनी उपाय काढला. लांब, बारीक सुया करवून त्या चरबीतून आत खुपसायच्या. सुई मांसापर्यंत पोचून कळ लागली म्हणजे राजेसाहेब जागे होत. पुढे काही शतकांनी ग्रीक लेखकांनी ही हकीगत लिहून ठेवली. वाचताना हसू येते. पण विचार करा, ते वैद्य मूर्ख नव्हते. हा माणूस आपणहून जागा होणार नाही, त्याला जागे केले नाही तर काही बरेवाईट होईल, एवढे त्यांनी ताडले होते. पण सुई टोचून माणूस जागा होतो, रोग जात नाही.

यानंतर आपण एकदम इंग्लंडात येऊ. १८३६ आणि १८३७ या साली चार्ल्स डिकन्स या प्रसिद्ध लेखकाची 'पिकविक पेपर्स' ही विनोदी कादंबरी हप्त्याहप्त्याने छापली जात होती. तीत जो नावाचा एक लठ्ठ पोरगा आहे. हा नोकर पोरगा खातो आणि झोपतो, कामावर पाठवला तरी झोपतो, आणि वर घोरतो. वाचकांनी त्याला पोट धरून हसून घेतले. पण डिकन्सची नजर तीक्ष्ण होती. त्याने कोठेतरी असा पोरगा खरोखरच पाहिला असावा, असे पुढे डॉक्टर मंडळींना वाटू लागले, इतके ते चित्र हुबेहूब उतरले होते.

त्याच शतकात काही डॉक्टरांनी या गोष्टीच्या अगदी जवळपर्यंत मजल मारली. १८७७ साली लंडनच्या ब्रॉडबेंट या डॉक्टराने लिहून ठेवले, की उतारवयातला माणूस उताणा झोपून जोराने घोरत असला, म्हणजे मधूनमधून त्याचा श्वास घशातला अडथळा ओलांडू शकत नाही, काही क्षण सारे शांत होते, आणि मग मोठा आवाज होऊन श्वास पुन्हा सुरू होतो. आता यापेक्षा स्पष्ट कोणी काय सांगावे? पण त्याने जे सांगितले ते नियतकालिकाच्या पानातच राहिले.

शिक्षक मंडळींनी पुढचा भाग जरा कान देऊन ऐकावा. १८८९ साली इंग्लंडातच विल्यम हिल या डॉक्टराने मुलांच्या मागासलेपणाची आणि मठ्ठपणाची काही कारणे सांगणारा एक लेख लिहिला. जी मुले नाकाऐवजी तोंडाने श्वास घेतात, रात्री घोरतात आणि शाळेत मंद दिसतात, त्यांच्या नाकामागे व घशात गाठी वाढलेल्या असतात, त्यांवर उपचार केला तर मूल सुधारते, असे त्याचे म्हणणे होते. १८९२ साली विल्यम ऑस्लर यांनी आपल्या वैद्यकाच्या ग्रंथात टॉन्सिल वाढलेल्या मुलांचे असेच वर्णन केले. रात्री श्वासात लांब खंड पडतो, मग घोगरा श्वास सुटतो, आणि दिवसा मूल मंदबुद्धीचे दिसते, असे त्यांनी लिहिले. हा ग्रंथ वैद्यकाच्या विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्यांनी अभ्यासला. तरीही वर्गात तोंड उघडे टाकून पेंगणारे पोर छडी खातच राहिले.

आता तुम्ही विचाराल, इतके सगळे दिसत होते, तर मग कळले का नाही? कारण असे, की डॉक्टर रोग्याला दिवसा तपासतो आणि हा रोग रात्री येतो. रोगी जागा असताना त्याचा घसा उघडा असतो, श्वास नीट चालू असतो. तो दवाखान्यात येतो तेव्हा रोग घरी राहिलेला असतो. आणि खुद्द रोग्याला विचारावे, तर तो झोपलेला होता, त्याला काय ठाऊक? खरी साक्ष शेजारी झोपणारीची. ती बिचारी रात्ररात्र जागते, मधेच घोरणे थांबले की घाबरून हलवून पाहते. पण तिला विचारले कोणी?

१९५६ साली अमेरिकेत बोस्टन शहरी एक प्रकार घडला. एक्कावन्न वर्षांचा एक व्यापारी गृहस्थ, वजन सुमारे १२० किलो, दर आठवड्याला मित्रांबरोबर पत्ते खेळत असे. एके दिवशी त्याच्या हाती तीन एक्के आणि दोन राजे आले. पत्त्यांचा नाद असलेल्यांना सांगायला नको, की असा हात जन्मात किती वेळा येतो! पण हा गृहस्थ ते पत्ते हातात धरूनच झोपी गेला आणि डाव हुकला. तेव्हा कोठे त्याला वाटले, की आता दवाखान्यात जायला हवे. बर्वेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याला तपासले, कमी खायला घालून त्याचे वजन उतरवले, आणि त्याची झोपाळू वृत्ती गेली. डिकन्सच्या त्या लठ्ठ पोराची आठवण ठेवून त्यांनी या विकाराला 'पिकविकी' विकार असे नाव दिले. त्यांनी कारण सांगितले ते असे, की लठ्ठपणामुळे श्वास उथळ होतो, रक्तात कर्बवायू साठतो, आणि त्या वायूच्या गुंगीने माणूस झोपतो. यात तथ्य होते, पण मुख्य गोष्ट अजून हाती लागली नव्हती. कारण त्यांनीही रोग्याला पाहिले होते ते जागेपणी.

रात्री झोपलेल्या माणसाजवळ बसून पाहायला एक साधन लागत होते. ते जर्मनीत तयार झाले होते. हान्स बेर्गर याने १९२४ साली माणसाच्या मेंदूतील विजेच्या लहरी प्रथम कागदावर उतरवल्या, आणि १९२९ साली ते काम प्रसिद्ध केले. या लहरींवरून माणूस जागा आहे, हलका झोपला आहे की गाढ झोपला आहे, हे त्याला न उठवता समजू लागले. पुढे १९५३ साली शिकागो येथे असे आढळले, की झोपेच्या एका अवस्थेत मिटलेल्या पापण्यांखाली डोळे भराभर हलतात, आणि स्वप्ने बहुतेक तेव्हाच पडतात. झोप म्हणजे दिवा मालवल्यासारखी एकसारखी अवस्था नसून रात्रभर तिच्यात चढउतार चालू असतात, हे कळले.

आणि मग १९६५ साल उजाडले. फ्रान्समधील मार्सेय शहरी गास्तो आणि त्यांचे सहकारी, व जर्मनीतील फ्रायबुर्ग येथे युंग आणि कूलो, या दोन मंडळींनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे एकच गोष्ट केली. 'पिकविकी' रोग्यांच्या डोक्याला तारा लावल्या, श्वासाचीही नोंद ठेवली, आणि रात्रभर यंत्र चालू ठेवून ते पाहत बसले. काय दिसले? रोग्याला झोप लागली की श्वास बंद पडे. काही सेकंद तसेच जात. मग मेंदू खडबडून जागा होई, मोठा घोरण्याचा आवाज होऊन श्वास सुरू होई, आणि पुन्हा डोळा लागला की पुन्हा श्वास बंद. असे रात्रभरात शेकडो वेळा. मार्सेयच्या मंडळींनी पाहिले, की छाती आणि पोट तर हलत आहेत, श्वास घेण्याची धडपड चालू आहे, पण नाकातोंडातून हवा मात्र जात नाही. म्हणजे अडथळा घशात होता.

श्रोतेहो, हे घशाचे कोडे शेतकऱ्याला समजावून सांगणे सोपे आहे. विहिरीवरच्या इंजिनाला आपण पाणी ओढून घेण्यासाठी सक्शनचा पाइप लावतो. तो टणक लागतो. तेथे जर मऊ लपेटा पाइप लावला, तर इंजिन पाणी ओढू लागताच तो आत चिकटून सपाट होईल आणि थेंबभर पाणी येणार नाही. आपला घसा हा मऊ मांसाचा पाइप आहे. जागेपणी त्याच्या भोवतालचे स्नायू त्याला ताणून उघडा ठेवतात. झोपेत ते सैल पडतात, जीभ मागे सरकते, आणि ज्याचा घसा मुळात अरुंद आहे त्याचा तो श्वासाच्या ओढीने मिटतो. अर्धवट मिटला तर फडफडतो, तेच घोरणे. पुरता मिटला तर श्वास बंद. मग रक्तातला प्राणवायू उतरतो, हृदयावर ताण पडतो, मेंदू धोक्याची घंटा वाजवतो आणि माणसाला क्षणभर जागे करतो. हे जागणे इतके थोडके असते, की सकाळी त्याला आठवत नाही. त्याला वाटते, मी आठ तास झोपलो. प्रत्यक्षात तो रात्रभर झोपेच्या उंबरठ्यावरून परतत असतो. मग दिवसा पेंगेल नाही तर काय करील? तो ऐदी नाही, तो जागरणाने थकलेला माणूस आहे.

या म्हणण्याचा पुरावा चार वर्षांत मिळाला. १९६९ साली कूलो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रोग्याच्या मानेत, घशाच्या खाली, श्वासनलिकेला एक भोक पाडले. हवा वरच्या अडथळ्याला वळसा घालून सरळ आत जाऊ लागली. रोग्याची रात्रीची घुसमट थांबली आणि दिवसाची पेंगही गेली. तेव्हा अडचण घशाच्या त्या वितीभर वाटेत आहे, याविषयी फारशी शंका उरली नाही. पण उपाय किती कठीण! दिवसा भोकाला बूच लावायचे, रात्री उघडायचे, त्याची निगा राखायची, पाण्यात उतरायचे नाही. ज्याचा जीव धोक्यात आहे त्यानेच तो पत्करावा.

पुढे अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात विल्यम डिमेंट यांनी १९७० साली झोपेच्या विकारांसाठी खास दवाखाना काढला. तेथे फ्रान्सहून आलेल्या गियमिनो यांनी १९७६ साली आपल्या सहकाऱ्यांसह या रोगाचे सविस्तर वर्णन केले आणि तो केवळ लठ्ठ माणसांनाच होतो असे नाही, हे दाखवून दिले. त्याच साली त्यांनी हा रोग असलेल्या ८ मुलांचीही हकीगत प्रसिद्ध केली. जपानमध्ये ताकुओ आओयागी यांनी १९७४ च्या सुमारास रक्तातला प्राणवायू मोजण्याची युक्ती शोधली होती. करोनाच्या साथीत २०२० आणि २०२१ साली तुमच्या गावातल्या आशाताईंनी जे छोटे यंत्र तुमच्या बोटाला लावले, ते हेच. झोपेतला श्वास तपासायलाही त्याचा मोठा उपयोग झाला.

आता उपायाची गोष्ट. ऑस्ट्रेलियात सिडनी येथे कॉलिन सलिव्हन हे डॉक्टर झोपेतल्या श्वासावर संशोधन करीत होते. कुत्र्यांवर प्रयोग करताना त्यांच्या तोंडावर बसणारे मुखवटे तयार करण्याचा त्यांना अनुभव होता. त्यांच्या मनात आले, की नाकावर मुखवटा बसवून थोड्या दाबाने हवा आत सोडत राहिले, तर ती हवाच घशाला आतून उघडा धरील. सायकलची ट्यूब हवेने फुगून राहते, तसेच हे. १९८० सालच्या जून महिन्यात एका रोग्यावर त्यांनी हा प्रयोग केला. गळ्याला भोक पाडून घ्यायला हा रोगी तयार नव्हता. धूळ ओढणाऱ्या यंत्राच्या धर्तीचा पंखा हवा फुंकायला लावला, आणि नाकावरचा मुखवटा चेहऱ्याला डिंकासारख्या पदार्थाने चिकटवला. हवेचा दाब वाढवला तसे घोरणे थांबले आणि रोगी शांत, सलग झोपला. १९८१ साली त्यांनी ५ रोग्यांची हकीगत 'लॅन्सेट' या साप्ताहिकात छापली. लागलेला दाब पाण्याच्या अवघ्या साडेचार ते दहा सेंटिमीटर स्तंभाएवढा होता. वीतभर पाण्याचाही नव्हे! एवढ्याने ते काम झाले, ज्यासाठी गळा कापावा लागत होता. आज त्या यंत्राला 'सीपॅप' म्हणतात. ते आता उशाशी ठेवता येण्याइतके लहान झाले आहे.

मग हा रोग किती लोकांना आहे, याची मोजदाद सुरू झाली. १९९३ साली अमेरिकेतील विस्कॉन्सिन येथील पाहणीत ३० ते ६० वयाच्या पुरुषांत शंभरांमागे २४ आणि बायकांत ९ जणांचा श्वास झोपेत तासाला पाच किंवा अधिक वेळा अडखळतो असे आढळले. आपल्या मुंबईत २००४ साली डॉ. उदवाडिया व त्यांच्या सहकाऱ्यांनी ३५ ते ६५ वयाच्या शहरी पुरुषांची पाहणी प्रसिद्ध केली. तीत शंभरांमागे १९ ते २० जणांचा श्वास झोपेत बिघडलेला होता, आणि त्यांतल्या सात-आठ जणांना दिवसा झोप आवरत नव्हती. म्हणजे हा काही परदेशातला रोग नव्हे.

आता कोणी म्हणेल, हे ऐकून आम्ही काय करावे? ते थोडक्यात सांगतो. जोराने घोरणे, मध्येच सारे शांत होणे आणि मग गुदमरल्यासारखा श्वास सुटणे, सकाळी डोके जड असणे, तोंड कोरडे पडणे, रात्री वारंवार लघवीला उठावे लागणे, औषध घेऊनही रक्तदाब न उतरणे, आणि दिवसा पेंग, ही या रोगाची लक्षणे आहेत. १९९१ साली मेलबर्नच्या मरी जॉन्स यांनी आठ प्रश्नांची एक सोपी चाचणी तयार केली. बसून वाचताना, एस. टी. तून तासभर जाताना, जेवणानंतर स्वस्थ बसले असता, कोणाशी बोलत असता झोप लागण्याचा संभव किती, असे ते प्रश्न आहेत. प्रत्येकाला शून्य ते तीन गुण द्यायचे. चोवीसपैकी दहाहून अधिक झाले तर डॉक्टरांना भेटावे.

डॉक्टरांकडे जाताना एकट्याने जाऊ नये, घरच्या माणसाला बरोबर न्यावे, कारण साक्ष त्याचीच आहे. छातीच्या विकारांचे किंवा कान-नाक-घशाचे डॉक्टर पाहावेत. ते रात्रीची तपासणी करायला सांगतील. श्वास दहा सेकंद किंवा अधिक थांबला की एक खंड धरतात. असे पूर्ण व अर्धवट खंड मोजून तासाची सरासरी काढतात. पाचाच्या खाली असेल तर मोठ्या माणसात चिंता नाही, तिसाच्या वर असेल तर रोग तीव्र समजतात. वजन उतरवणे, दारू सोडणे, कुशीवर झोपणे याने पुष्कळांना गुण येतो. मनानेच झोपेच्या गोळ्या मात्र घेऊ नयेत, काही गोळ्यांनी घसा अधिकच सैल पडतो. मुलांचे टॉन्सिल वाढले असतील तर ते काढल्याने बहुतेकांना आराम पडतो. रोग तीव्र असेल तर यंत्र. ते स्वस्त नाही, त्याला वीज लागते, आणि मुखवट्याची सवय व्हायला काही आठवडे जातात, हेही सांगितले पाहिजे.

यंत्राने सारे काही साधते असेही नाही. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत, ज्यांना आधीच हृदयाचा किंवा मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा विकार होता, त्यांचे पुढचे झटके यंत्राने कमी झाल्याचे दिसले नाही. पेंग कमी झाली, मन सुधारले, हे मात्र दिसले. २०२४ च्या डिसेंबरात अमेरिकेत लठ्ठ रोग्यांसाठी वजन उतरवणाऱ्या एका औषधाला या रोगावरही मान्यता मिळाली. आणि २०२५ साली जयपूरच्या डॉक्टरांनी ३० रोग्यांची पाहणी प्रसिद्ध केली. तीत सहा महिने नेमाने शंख फुंकणाऱ्यांचा श्वास झोपेत कमी वेळा अडला आणि दिवसाची पेंगही कमी झाली. पाहणी लहान आहे, म्हणून तीव्र रोग्याने यंत्र बाजूला ठेवून शंख हाती घेऊ नये. पण घशाच्या स्नायूंनाही तालीम देता येते, एवढे त्यावरून ध्यानात येते.

तेव्हा गुरुजी आणि बाई, वर्गात पेंगणाऱ्या मुलाला उभे करण्याआधी त्याच्या आईला बोलावून एकच विचारा, की हा रात्री घोरतो का, तोंडाने श्वास घेतो का. आणि ज्याचा धंदा गाडी हाकण्याचा, ट्रॅक्टरचा किंवा ट्रकचा आहे, त्याच्या घरच्यांनी हे अधिकच मनावर घ्यावे. चावडीवर लागलेल्या डुलकीने कोणाचे नुकसान होत नाही, रस्त्यावर लागलेली डुलकी दोन घरे बुडवते. आज रात्री घरातल्या घोरणाऱ्या माणसाजवळ पाच-दहा मिनिटे बसा आणि कान देऊन ऐका. घोरणे मध्येच थांबले, तर मनातल्या मनात आकडे मोजा. दहाच्या पुढे मोजावे लागले आणि असे पुन्हा पुन्हा झाले, तर उद्या त्याला थट्टेने हाक मारू नका. त्याला सोबत घेऊन दवाखान्याची वाट धरा.